आमचं पाळणाघर, बडोदे: भाषा, डबा, सण आणि पालक नेहमी विचारतात ते बाकीचे प्रश्न

दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमचं पाळणाघर आणि बालवाडी आहे. दीड ते सहा वर्षांची सत्तावीस मुलं आहेत. त्यांच्या घरी मराठी, गुजराती, सिंधी, हिंदी, राठवी (राठवा आदिवासींची बोली) आणि एका घरी मल्याळम बोलतात. प्रवेशाच्या वेळी तेच तेच प्रश्न येतात आणि दारात उभ्यानं दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढले.

पाटीवर ‘घोडियाघर’ का लिहिलंय?

पुण्या-नाशिकहून बदली होऊन आलेले पालक हे हमखास विचारतात. गुजरातीत पाळण्याला घोडियुं म्हणतात, म्हणून पाळणाघराचं घोडियाघर. पाटीवर दोन्ही शब्द आहेत. एका मुलाला त्याच्या बाबांनी घरूनच सांगून ठेवलं होतं की तिथे घोडे आहेत. पहिले तीन दिवस तो त्यासाठीच रडला. कृपया असं काही सांगू नका.

मुलं एवढीशी. जात, धर्म, भाषा त्यांना कुठे कळतंय? मग सगळ्यांना सामावून घ्यायचा हा खटाटोप कशाला?

जात हा शब्द त्यांना कळत नाही, खरं आहे. पण कोणाला पटकन कडेवर घेतात आणि कोणाला लांबूनच ‘तिकडे बस’ म्हणतात, हे दीड वर्षाच्या मुलालाही कळतं. आपलं बोलणं इथे कोणाला समजत नाही, हे तर पहिल्या तासाभरातच कळतं.

‘सर्वसमावेशक’ हा परिपत्रकातला शब्द माझ्या तोंडात बसत नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ साधा आहे. तहान, भूक, झोप, शू आणि भीती, या पाच गोष्टी मुलाला घरच्या शब्दांत सांगता आल्या पाहिजेत आणि ऐकणाऱ्याला त्या समजल्या पाहिजेत. सण, वेशभूषा, भिंतीवरची चित्रं हे सगळं त्यानंतर. बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. वर्षातून एक दिवस नऊवारी आणि चणियाचोळीतले फोटो निघतात आणि उरलेलं वर्ष मूल ओल्या चड्डीत बसून राहतं.

आमच्या घरी मराठी, तुमच्या मावशी गुजराती. मुलाचे हाल होणार नाहीत का?

सुरुवातीला झाले आहेत, लपवत नाही. दोन वर्षांचा एक मुलगा मावशींना म्हणाला, ‘शू.’ मावशींना ऐकू आलं ‘शुं?’ म्हणजे गुजरातीत ‘काय?’ त्यांनीही प्रेमानं विचारलं, ‘शुं, बेटा?’ तो म्हणाला, ‘शू!’ त्या म्हणाल्या, ‘हा, पण शुं?’ तिसऱ्या फेरीला उत्तर फरशीवर आलं.

उलटंही होतं. गुजराती घरांत लहान मुलांशी बोलताना पाण्याला ‘भू’ म्हणतात. आमची मराठी ताई नवी होती. मूल ‘भू, भू’ करत रडायला लागलं तेव्हा ती त्याला खिडकीशी नेऊन रस्त्यावरचा कुत्रा दाखवत होती. मूल तहानलेलं आणि समोर कुत्रा. ‘बाबा’चाही असाच घोटाळा. आपलं मूल वडिलांची आठवण काढत असतं आणि ऐकणाऱ्याला ‘बाबो’, म्हणजे कोणीतरी लहान मुलगा, असं वाटतं.

तेव्हापासून प्रवेशाच्या अर्जाबरोबर आम्ही शब्दांचा कागद भरून घेतो. शू, शी, पाणी, जेवण, झोप, दुखतंय, भीती वाटते, कडेवर घे, आई, बाबा, आजी-आजोबा आणि मूल ज्याशिवाय झोपत नाही त्या वस्तूचं नाव. शब्दकोशातले शब्द नकोत, तुमच्या घरातले हवेत. एका घरी दुधाला ‘टुटू’ म्हणतात, ते ‘टुटू’च लिहा. हे कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेले असतात. आमच्या एका मावशींना वाचता येत नाही, म्हणून दर सोमवारी सकाळी कोणीतरी ते मोठ्यानं वाचतं आणि बाकीच्या म्हणतात. पाढ्यांसारखं चालतं ते.

मल्याळम बोलणाऱ्या आईनं पाण्यासाठी ‘वेळ्ळम’ लिहून दिलं. आता निम्मी मुलं पाण्याला वेळ्ळम म्हणतात. एक आजोबा तक्रार घेऊन आले होते की नातू घरी वेळ्ळम मागतो, हे कुठलं इंग्रजी शिकवता?

तीन-तीन भाषा कानावर पडल्या तर मूल उशिरा बोलेल का?

एकापेक्षा जास्त भाषा ऐकल्यामुळे वाचादोष होत नाही. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. ‘मला पाणी जोईए’ (जोईए म्हणजे गुजरातीत ‘पाहिजे’) असं मिसळून बोललं तरी घाबरू नका. जो शब्द हाताशी आहे तो ते वापरतं, आपण बडोद्याचे मोठे लोकही तेच करतो.

मात्र दीड वर्षाचं होऊनही एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही किंवा आधी येत असलेले शब्द गेले, तर ‘घरात भाषा जास्त आहेत’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि कोणी सांगितलं म्हणून घरची मराठी बंद करून मोडक्या इंग्रजीत बोलायला लागू नका. आजीशी बोलणं तुटतं, इंग्रजीही धड येत नाही.

घरी बडबड करते, पण दोन महिने झाले, तुमच्याकडे एक शब्द बोलत नाही. काही बिनसलंय का?

बहुधा नाही. नव्या भाषेत आलेली बरीच मुलं आधी काही आठवडे, कधी काही महिने, फक्त ऐकतात. खेळते का, खुणा करते का, इतर मुलांकडे बघते का, हे आम्ही पाहतो. ‘बोल ना, बोल ना’ म्हणून मागे लागत नाही. घरीही ‘आज काय बोललीस?’ असं रोज विचारू नका.

मग शिकवता कोणत्या भाषेतून?

या वयात ‘शिकवणं’ म्हणजे गोष्ट, गाणं, माती, पाणी आणि एकमेकांचे केस ओढू नयेत हे समजावणं. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असं म्हणतं. २०२२ साली तीन ते आठ वयोगटासाठी आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडाही तेच धरून आहे. सहा भाषांच्या खोलीत ते शंभर टक्के जमत नाही. आम्ही एकच गोष्ट एका दिवशी मराठीत, दुसऱ्या दिवशी गुजरातीत सांगतो. दुसऱ्या दिवशी भाषा कळो न कळो, पुढे वाघ येणार हे सगळ्यांना माहीत असतं.

पुढच्या शाळेची काळजी असेल तर गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती हा विषय सगळ्या शाळांना सक्तीचा आहे. गुजराती कानावर पडलीच पाहिजे आणि ती पडते. मराठीचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. इथल्या मराठी घरांतली तिसरी-चौथी पिढी आजीशी मराठीत आणि भावंडांशी गुजरातीत भांडते, हे मी रोज ऐकते.

डब्याचे नियम काय?

घरी जे खाता ते आणा. डबा एकमेकांना द्यायचा नाही.

दुसरा नियम लोकांना कोरडा वाटतो. ‘वाटून खावं’ असं आपणच शिकवतो ना? पण जैन मुलाच्या घरी कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाला पोहे पुढे आल्यावर ते आठवत नाही. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, आणि मराठी डब्यात दाण्याचं कूट कुठे लपलेलं असेल ते करणारीलाही सांगता येत नाही. वाटून खाण्यासाठी बुधवार ठेवलाय. त्या दिवशी आम्ही इथे मुगाची खिचडी करतो, कांदा-लसणाशिवाय. ती सगळ्यांना चालते. त्यावर तूप कोणाला किती हवं, एवढ्यावरच भांडण होतं.

अंड्याचं विचारलं जातंच. दोन पालकांनी सुचवलं होतं की अंडं आणणाऱ्या मुलाला वेगळ्या सतरंजीवर बसवा. बसवलं नाही. प्रत्येक मूल स्वतःच्या डब्यातलं खातं, ही अट सगळ्यांना सारखी आहे, तेवढी पुरते. त्यावरून एक कुटुंब सोडून गेलं. मूल गोड होतं, अजून आठवण येते. पण तीन वर्षांच्या पोराला त्याच्या आईनं केलेल्या डब्यासकट कोपऱ्यात बसवणं माझ्याच्यानं झालं नसतं.

आम्ही खरं लक्ष ठेवतो ते ‘शी!’ या शब्दावर. कोणी दुसऱ्याच्या डब्यात डोकावून ‘शी!’ म्हटलं की ताई तिथे जाऊन बसते आणि त्या डब्याबद्दल विचारते. आंबट आहे का, कोणी केलं, कसा वास येतो? हांडव्याला, म्हणजे डाळ-तांदळाच्या भाजलेल्या गुजराती पदार्थाला, ‘जळलेला केक’ म्हणणारी एक मुलगी आता आईकडे हांडवो मागते. सगळ्यांचं असं होत नाही. काहींचं ‘शी!’ घरून येतं, आणि ते जायला वर्ष लागतं.

कोणकोणते सण साजरे करता?

ठरलेली यादी नाही. त्या वर्षी ज्या घरांची मुलं असतील त्या घरांचे. आधी विचारतो, ‘तुमच्याकडे काय करतात?’ पुस्तकात लिहिलेलं आणि घरात चाललेलं यांत फार अंतर असतं.

संक्रांतीचं सांगते. आपल्याकडे लहान मुलांना काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालतात. पहिल्या वर्षी एका गुजराती आजीबेन दारातच थबकल्या. एवढ्याशा लेकराला काळं? त्यांच्याकडे शुभ दिवशी मुलाला काळं घालत नाहीत. आमच्या ताईनं त्यांना खाली बसवून हलवा दाखवला. काटा कसा येतो, पाक किती वेळ घालत राहावा लागतो, काळ्यावर पांढरा कसा उठून दिसतो. आजींनी हलवा चाखला, काळं झबलं काही पटलं नाही म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी डबाभर चिक्की घेऊन आल्या. इतकं पुरे आहे. पटलंच पाहिजे असं कुठे आहे?

नवीन वर्ष आमच्याकडे दोनदा येतं. दिवाळीत आपण पाडवा म्हणतो त्याच दिवशी गुजराती घरांचं बेसतुं वर्ष असतं, आणि चैत्रात गुढी. ‘परत नवीन?’ असं एका मुलानं विचारलं होतं. हो, परत.

सणापेक्षा सणाच्या आसपासचं जास्त सांभाळावं लागतं. रमजानमध्ये लहान मुलं रोजा ठेवत नाहीत, पण सहरीला सगळं घर पहाटे उठतं आणि मूलही उठून बसतं. मग ते अकरालाच पेंगतं. नवरात्रात अर्धा वर्ग रात्री उशिरापर्यंत गरब्याला. त्या नऊ दिवसांत आम्ही सकाळी ढोलकी काढतच नाही, गाद्या लवकर घालतो.

आजी-आजोबांना बोलावतो तेव्हा भाषण नको, एखादी हातानं करायची गोष्ट दाखवा म्हणतो. एका दाऊदी बोहरा आजींनी मुलांना मोठ्या थाळाभोवती गोल बसवलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे आधी चिमूटभर मीठ चाखायला दिलं. थाळात फक्त केळी आणि पपई होती, डब्याचा नियम म्हणून. मुलं अजून खाऊच्या वेळी बोट पुढे करून मीठ मागतात.

बोरन्हाण तुमच्याकडे करता येईल का?

हो, पण तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत बोरं, शेंगदाणे आणि उसाचे तुकडे चालणार नाहीत. घशात अडकतात. फक्त कुरमुरे उधळा, मुलांना तेवढंच हवं असतं. मांजा आणि फिरकी वाड्याच्या बाहेर.

काजळ, तीट, गळ्यातला काळा दोरा, ताईत, हे काढायला लावता का?

श्रद्धेबद्दल आम्ही काही बोलत नाही. गळ्यातला दोरा मात्र झोपेत आवळू शकतो, म्हणून तो इथे नको. कमरेला करगोटा चालतो. डोळ्यांत काजळ घालू नका, काही काजळांत शिसं असतं. तीट लावायचीच तर तळपायाला लावा. दृष्ट तिथूनही निघते असं आमच्या मावशी सांगतात, आणि त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, कोणत्याही देवाच्या नावानं नको.

रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची मुलं आमच्या मुलांबरोबरच बसतात का?

हो. हा प्रश्न आवाज खाली आणून विचारला जातो, म्हणून मोठ्यानं उत्तर देते.

छोटाउदेपूर, दाहोदकडून राठवा आणि भिल्ल कुटुंबं बडोद्यात कामाला येतात. पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर बांधकामाच्या जागी पाळणाघर हवं, असं १९९६ चा बांधकाम कामगार कायदा सांगायचा. पण रस्त्याच्या कामावर आठ-दहा बायका असतात आणि त्यांची मुलं वाळूच्या ढिगाऱ्यावर. सध्या अशी चार मुलं आमच्याकडे आहेत. त्यांची फी बाकीच्यांच्या फीमध्ये धरलेली आहे. हे प्रवेशाच्या वेळीच सांगतो.

बडोद्याला यात नवं काही नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर नेलं. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. आणि ज्या कमाटी बागेत आपण मुलांना खेळायला नेतो, त्याच बागेत १९१७ साली परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर झाडाखाली बसून राहिले होते, कारण या गावात त्यांना राहायला कोणी जागा देईना. महाराजांचे कायदे होते, तरी गावानं दार उघडलं नाही.

दुसरी आठवण जरा बरी आहे. ताराबाई मोडक मराठी. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं, तिथे जाऊन त्या गुजराती मुलांत रमल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी आदिवासी पाड्यांवर काम केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. मूल गुरं चारायला गेलं असेल तर शाळा कुरणात, ती कुरणशाळा. आज देशभर ‘अंगणवाडी’ हा शब्द चालतो तो तिथला. आमच्या चार मुलांसाठी मी एवढंच केलं की सकाळची वेळ साडेआठवरून साडेसात केली, कारण त्यांच्या आया आठला कामावर उभ्या असतात.

चूकही सांगते. राठवा मुलांना आपलंसं वाटावं म्हणून मी एका भिंतीवर पिठोऱ्याचे, म्हणजे राठवांच्या भिंतीचित्रांतले, घोडे रंगवून घेतले. छान दिसत होते. भिंत न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळातली, कारण तीच मोकळी होती. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील त्याला घ्यायला आले, भिंतीसमोर थांबले, चपला काढल्या आणि गप्प उभे राहिले. मी विचारल्यावर म्हणाले, ‘बेन, हा देव आहे.’ पिठोरा नवसाचा असतो, घराच्या ओसरीच्या भिंतीवर विधी करून मांडतात. मी तो न्हाणीच्या वाटेवर नेऊन ठेवला होता. त्याच संध्याकाळी आम्ही भिंतीला चुना दिला. आता कोणाच्याही घरचं काही भिंतीवर लावण्याआधी त्या घराला विचारतो. कुठे लावू, हेही विचारतो.

माझ्या मुलीला कोणीतरी ‘काळी’ म्हणालं. तुम्ही काय करता?

म्हणणाऱ्याला शिक्षा करत नाही आणि ‘असं बोलू नये’ म्हणून विषयही गुंडाळत नाही. आमच्या खडूंच्या डब्यात एक फिकट गुलाबी खडू होता, त्याला सगळे ‘अंगाचा रंग’ म्हणायचे. तो एकदा मुलांच्या हाताशी लावून पाहिला. सत्तावीसपैकी एकाच्याही हाताशी जुळेना. आता तपकिरीच्या सात-आठ छटा ठेवतो. स्वतःचा हात कागदावर ठेवून रंग शोधायचा खेळ आहे, त्यात मुलांचा अर्धा तास जातो. मोठ्यांना मात्र स्पष्ट सांगते की ‘उन्हात जाऊ नको, काळी होशील’ हे वाक्य आमच्या दारात बोलायचं नाही.

शिकवणाऱ्या ‘ताई’ आणि सांभाळणाऱ्या ‘बाई’, असं वेगळं का नाही?

कारण मूल त्यातून कोणाचं ऐकायचं आणि कोणाचं नाही हे शिकतं. इथे तरुण त्या ताई किंवा बेन, मोठ्या त्या मावशी किंवा मासी. पालकांनीही ‘ए बाई’ म्हणून हाक मारू नये. अंगणवाडीतल्या मदतनीसला गुजरातीत ‘तेडागर’ म्हणतात. तेडवुं म्हणजे कडेवर उचलून घेणं. मला तो शब्द फार आवडतो.

मुलगा भातुकली खेळतो.

खेळू द्या. चहा चांगला करतो.

प्रार्थना कोणती म्हणता?

कोणतीच नाही. खाण्याआधी हात धुऊन ताटावर बसलं की दहा श्वास शांत बसतो. घरी म्हणता तो श्लोक, नवकार मंत्र किंवा बिस्मिल्ला मुलाला मनात म्हणायचं असेल तर म्हणू द्या. काही मुलं मोठ्यानं म्हणतात. त्यालाही हरकत नाही.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

कपड्यांचे दोन जोड, शब्दांचा भरलेला कागद आणि घरात जो मुलाला झोपवतो त्याच्या आवाजातली अंगाई, हालरडुं, जे असेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करून. सूर लागत नसला तरी चालेल. एका सिंधी आजोबांच्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ खोकला आहे. खोकला आल्याशिवाय नातू झोपत नाही.

शिवाय घरची गोधडी किंवा आईची जुनी साडी. ती धुऊन आणू नका.